नऊ गडी, एक चेंडू

बाई चार वर्षांच्या मुलांना अहो म्हणत. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मी पुष्कळ शिक्षक पाहिले, पण असे करणारे दुसरे कोणी पाहिले नाही. बालवाडीच्या दारात मूल दिसले की त्या चष्मा नाकावर सारखा करत आणि म्हणत, "या दिनकरराव. चप्पल तिकडं काढा." दिनकररावांच्या पायात चप्पल नसे. सदऱ्याला एकच बटण असे. तरी ते कोपऱ्यात जात, पाय झटकून नसलेली चप्पल काढत आणि मगच आत येत.

गावाला या बोलण्याचा आधी राग आला, मग हसू आले. पुढे ती सवय मुलांमार्फत गावात शिरली. आडावर भांडण लागले तरी ते अशा भाषेत लागे: "आवं, बादली सोडा माझी, न्हाईतर डोस्कं फोडीन तुमचं."

मोठ्या माणसांना मात्र बाई त्यांच्या हुद्द्याने हाक मारत नसत. मुलाच्या नावाने मारत. गावचे सरपंच त्यांच्या लेखी दिनकररावांचे वडील होते. तलाठी कमळाबाईंचे वडील होते आणि तलाठ्यांना ते मुळीच आवडत नसे.

गाव आटपाडीच्या बाजूचे. पाऊस तिकडे येण्याचे टाळतो. जिल्हा परिषदा नुकत्याच सुरू झाल्या होत्या आणि गावोगाव बालवाड्या निघत होत्या. बाई साताऱ्याहून आलेल्या, वय पन्नाशीकडे झुकलेले. मी सांगलीची, त्यांच्या हाताखाली दुसरी शिक्षिका म्हणून होते. त्या पांढरे पातळ नेसत, उजव्या मनगटावर पुरुषी घड्याळ बांधत आणि बारा महिने छत्री बाळगत. छत्री पावसासाठी नाही, उन्हासाठी आहे, हे त्यांनी गावाला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकले. पावसाची वाट बघणाऱ्या गावात कोणाचा गैरसमज व्हायला नको, असे त्यांचे म्हणणे.

बालवाडी चावडीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये भरे. शेड सरपंचांची. तिथे फळा होता, पण त्यावर काही लिहिलेले नसे. भिंतीवर अक्षरे नव्हती. होते ते नऊ लाकडी गडी आणि एक चेंडू.

गडी बाभळीचे. गावच्या सुताराने घडवलेले, वीतभर उंच, तळाशी रुंद, मानेशी बारीक. चेंडू धनगरवाड्यातल्या एका आजीने केला होता. लोकर भिजवून ती तळहातावर वळत वळत नारळाएवढी केली, घोंगडीला देतात तशी चिंचोक्याची खळ दिली आणि उन्हात वाळवली. तो चेंडू उडत नसे, वाजत नसे. हात जिकडे सोडेल तिकडे जाई. "हा चेंडू खोटं बोलत नाही," बाई म्हणत.

खेळ त्यांनी कुठून आणला, याबद्दल गावात चर्चा होती. खरी हकिकत साधी होती. त्यांचा भाऊ फौजेत हवालदार. त्याच्याकडे छावणीत गेल्या असताना त्यांनी साहेबांच्या क्लबात लाकडी बाटल्या मांडून त्या गोळ्याने पाडण्याचा खेळ पाहिला. "मोठमोठे मिशावाले," त्या सांगत, "एक गडी उभा राहिला की एकमेकांशी अबोला धरायचे. यांनी हे लहानपणी खेळायला हवं होतं, असं मला तेव्हाच वाटलं."

रोज सकाळी खेळाआधी त्या जमिनीवर बसून थाळीत पाणी घेत आणि ती थाळी ठिकठिकाणी ठेवून बघत. पाणी एका बाजूला जमले की तिथली जमीन कलती. तिथे त्या माती भरायला लावत. शेड पश्चिमेला कलती आहे, ही त्यांची कायमची तक्रार होती. त्यानंतर चुन्याच्या रेघा. प्रत्येक मुलाची रेघ वेगळी. लहानग्याची गड्यांजवळ, तरबेज मुलाची लांब. मूल सुधारले की रेघ पाऊलभर मागे सरके, आणि रेघ मागे सरकणे हेच बक्षीस असे. शाब्बास हा शब्द बाईंच्या तोंडी नव्हता. चेंडू गेला, गडी पडले, की सगळ्यांनी मिळून काय झाले ते सांगायचे: "चार पडले. पाच उभे."

वेगवेगळ्या रेघांवरून पालकांत कुरबुर झाली. तलाठी येऊन म्हणाले, "एकाला जवळून आणि एकाला लांबून, हा कुठला न्याय?"

"कमळाबाईंचे वडील," बाई म्हणाल्या, "घरात सगळ्यांना एकाच मापाचा सदरा शिवता का?"

तलाठी गेले. तक्रारीचे मूळ रेघांत नव्हते. मूळ पाटीत होते. बालवाडीत जाऊन पोर पाटीवर काहीच काढत नाही, नुसता चेंडू ढकलते, हे गावाला पटत नव्हते. बाईंचे उत्तर तयार असे. पाडलेले गडी ज्याने पाडले त्यानेच उभे करायचे, हा त्यांचा नियम होता आणि मोठ्या माणसाने मदतीला हात घातला तर त्या छत्रीच्या टोकाने तो बाजूला करत. "पाडणं शेळीलाही जमतं. उभं करणं शिकायला लागतं."

ते खरे होते. नववा गडी उभा करताना आठवा पडायचा. मूल रडकुंडीला यायचे, श्वास रोखून पुन्हा बोटे आवळायचे. महिन्याभरात त्याच बोटांना सुईत दोरा ओवता यायचा, बटण लावता यायचे. पाटीवरची पेन्सिल त्या मानाने सोपी, असे बाईंचे म्हणणे. जोर जास्त लावला की चेंडू भरकटतो, हे मुलांना कोणी सांगितले नाही. ती आपोआप हळू झाली. दुसऱ्याचा डाव चालू असताना रेघेबाहेर बसून राहणे, हे त्या वयाला सर्वांत अवघड. तेही जमू लागले.

एकदा पंचायत समितीचे विस्तार अधिकारी तपासणीला आले. बाईंचा आणखी एक नियम होता की, आत आलेल्या मोठ्या माणसाने आधी एक डाव खेळायचा. अधिकाऱ्यांनी कोट काढून जोरात चेंडू सोडला. तो गड्यांच्या बाजूने गेला आणि भिंतीला लागला.

"शून्य पडले. नऊ उभे," मुलांनी सांगितले. कोणी हसले नाही. हसायची चाल नव्हती.

अधिकाऱ्यांनी एका मुलीला विचारले, "बाळ, नऊ वजा चार किती?"

मुलीने गड्यांकडे पाहिले. बाई म्हणाल्या, "साहेब, चार पडले म्हणा."

"बरं. चार पडले."

"पाच उभे," मुलगी तत्काळ म्हणाली, "आवं पर तुमचं कुठं पडलं?"

अधिकारी मोकळेपणी हसले. त्यांनी आणखी दोन डाव मागून घेतले, दुसऱ्यात दोन गडी पाडले आणि जाताना शेरा लिहिला की मुले आनंदी आहेत. बाईंना तो शेरा दिवसभर खुपला. "आनंदी म्हणे. मुलं कामात होती. यांना दिसलं नाही का?"

सगळ्या नियमांत बाई एक नियम सर्वांत कडक पाळत. आपला डाव संपला की चेंडू पुढच्याला द्यायचा. फेकायचा नाही, घरंगळत सोडायचा नाही. दोन्ही हातांनी द्यायचा, समोरच्याने दोन्ही हातांनी घ्यायचा, आणि देताना म्हणायचे, "घ्या, तुमचा डाव." चेंडू हातात पोचेपर्यंत खेळ थांबलेला. मी एकदा विचारले की एवढ्या बारीक गोष्टीचा एवढा आग्रह का. त्या म्हणाल्या, "आपला डाव संपला, आता दुसऱ्याचा आहे, हे मोठ्या माणसांनाही कळत नाही. ते तोंडानं शिकवून येत नाही. हाताला शिकवावं लागतं."

दर सोमवारी त्या मुलांचा क्रम बदलत. पौषातल्या एका सोमवारी दिनकरनंतर शांता आली.

शांता गावातल्या गवंड्याची मुलगी. तिचे घर बौद्धवाड्यात. ही कुटुंबे काही वर्षांपूर्वी बौद्ध झाली होती; गाव अजून वस्तीचे जुनेच नाव घेई, बाई नवे घेत. शेडमध्ये सगळी मुले एका छपराखाली बसत. सरकारी योजना आहे म्हणून गावाने ते चालवून घेतले होते. मुलांना त्यातले काही ठाऊक नव्हते.

दिनकरने त्या दिवशी सहा गडी पाडले, सहाही उभे केले आणि चेंडू घेऊन शांतासमोर आला. तिने हात पुढे केले. त्याने चेंडू डोक्याच्या उंचीवर नेला आणि वरून तिच्या हातांवर सोडला. चेंडू निसटून जमिनीवर गेला.

"चेंडू पडला," बाई म्हणाल्या. "डाव थांबला. दिनकरराव, पुन्हा द्या."

त्याने उचलला आणि पुन्हा तसाच, वरून सोडला. तोंडावर खोडी नव्हती. उलट तो फार काळजीपूर्वक करत होता, चेंडूबरोबर आपली बोटे खाली जाणार नाहीत असे बघत.

"असं का देता?"

"बाई, ह्यांना असंच देत्यात," दिनकर म्हणाला. "आमच्या थोरल्या आई देत्यात की. पाणीबी असंच, भाकरीबी असंच."

ह्यांना हा शब्द त्याने बाईंकडून घेतला होता आणि वरून सोडणे आजीकडून. दोन्ही त्याला रीतभातच वाटत होती. शांताही गोंधळलेली नव्हती. तिने तसे घेताना आपल्या आईला पाहिले असावे.

बाई रागावल्या नाहीत. जमिनीवर बसल्या, चष्मा काढून पदराने पुसला. मग म्हणाल्या, "घरी कसं देतात ते मी विचारलं नाही. इथं कसं देतात?"

दिनकर चेंडूकडे बघत राहिला. हातात द्यायला तो पुढे येईना. घरची शिकवण त्याच्या अंगात मुरलेली होती आणि ती मोडायची कशी हे त्याला कळत नव्हते. बाईंनी घड्याळ बघितले. "ठीक आहे. डाव इथं थांबलाय. उद्या इथूनच पुढं."

दुसऱ्या दिवशी गडी मांडले गेले, चेंडू दिनकरच्या हातात आला आणि तो तिथेच उभा राहिला. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. गडी उभे, रेघा आखलेल्या, आणि मुले तळमळत बसलेली. "आवं दिनकरराव, द्या की," मागून ओरडा होई. "हात काय झिजत्यात व्हय तुमचं?" दिनकरच्या डोळ्यांत पाणी यायचे. मी बाईंना म्हणाले की शांताला दुसऱ्या कोणाच्या मागे घेऊ, प्रश्न मिटेल. त्या म्हणाल्या, "माझ्यापुरता मिटेल. त्यांच्यापुरता जन्मभर राहील."

दिनकरने घरी सांगितले आणि आठवड्याच्या शेवटी सरपंच शेडमध्ये आले. समंजस गृहस्थ होते. आवाज कधी चढवत नसत. आधी त्यांनी नियमाप्रमाणे डाव खेळायची तयारी दाखवली, पण बाई म्हणाल्या, "चेंडू अडकलाय. आज नुसतं बोला, दिनकररावांचे वडील."

"बाई, पोरांचा खेळ बंद हाय म्हणं."

"बंद नाही. थांबलाय."

"आता आमच्या थोरल्या आईंचा स्वभाव तुमाला ठावं हाय. जुनं माणूस. त्यांच्या कानावर गेलं. घरात दोन दिस चूल धड पेटली न्हाई. मी एक सुचवतो. सांगलीसनं रबरी चेंडू आणून देतो, नवा. त्यो शांता अन तिच्या वस्तीतल्या पोरांना. ह्यो ऱ्हाऊ दे बाकीच्यांना. दोन चेंडू झालं की कुणी कुणाला द्यायचा सवालच ऱ्हात न्हाई."

"हा दोन चेंडूंचा खेळ नाही."

"बाई, लहान गोष्ट हाय."

"लहान आहे म्हणून तर लहानांना येते. मोठी झाली की येणार नाही."

सरपंचांनी टोपी काढून पुन्हा घातली. "मग माजा इलाज न्हाई. शेड मला कडब्याला लागणार हाय. बाजाराच्या दिवसापातुर तेवढी रिकामी करा."

"बरं," बाई म्हणाल्या. "जाताना दार लोटून घ्या. वारं आलं की गडी पडतात."

ते गेल्यावर त्यांनी मला थाळीत पाणी आणायला सांगितले आणि शेडच्या उताराची तक्रार नेहमीच्या आवाजात पुन्हा केली. मला तो आत्मविश्वास त्या वेळी समजला नाही. शेड गेली तर बालवाडीचे अनुदान जाणार होते. मुले घरी बसणार होती, आणि त्याचा दोष गाव शांताच्या घराला देणार होते. हे बाईंनाही ठाऊक होते.

शांताच्या वडिलांना तर चांगलेच ठाऊक होते. संध्याकाळी कामावरून ते तसेच आले, पायांना चुन्याचे शिंतोडे. शांता बोट धरून होती.

"बाई, एक सांगू का? दुसरा चेंडू चालंल आमाला," ते म्हणाले. "मी शाळंत असताना दाराभाईर बसून शिकलो. पोरगी आत बसत्या. म्होरलं म्होरं बघू. तिचं साल जाया नगं."

"तुम्हाला चालेल, शांताबाईंचे वडील. डाव त्यांचा आहे. त्यांना विचारा."

त्यांनी मुलीकडे पाहिले. "काय गं? नवा रबरी चेंडू आणत्यात. चालंल न्हवं?"

"न्हाई," शांता म्हणाली. "रबरी उडतुया. सरळ जातच न्हाई त्यो. मला ह्योच पायजे."

तिला एवढेच म्हणायचे होते. वडिलांनी वाकून पायावरचा चुना पुसला. मग एकदम हसले आणि म्हणाले, "लय शाणी झाली बाईंच्या हाताखाली. बरं, बाई. जागंचं माज्याकडं लागलं. आमच्या वाड्याम्होरं मैदान हाय, दगडं काढून देतो. पर एक ध्यानात घ्या. आजवर आमची पोरं तुमच्याकडं येत हुती. आता गावच्या पोरांनी आमच्याकडं यायला पायजे. येतील का?"

"जमीन सपाट असेल तर येतील," बाई म्हणाल्या.

ती त्यांनी सपाट करून दिली. गवंडी आणि वस्तीतले चार लोक दोन संध्याकाळी खपले. दगड वेचले, पांढरी माती टाकली, धुमस घालून ती चोपली आणि बायकांनी शेणाने सारवली. मळणीच्या खळ्यासारखी जमीन तयार झाली. बाईंनी थाळी ठेवली. पाणी जागचे हलले नाही. त्यांनी थाळी मैदानभर फिरवली आणि गवंड्याकडे बघून मान डोलावली. त्यांच्या तोंडून याहून मोठी स्तुती मी ऐकलेली नाही.

पहिल्या दिवशी वस्तीतली मुले आली. धनगरवाड्यातली आजी नातीला घेऊन आली. "चेंडू माज्या हातचा हाय," ती म्हणाली, "त्यो कुठं जातुया ते मी बघणार." गावातून कोणी आले नाही. बाई रोज सकाळी गडी पोत्यात भरून, पोते खांद्यावर टाकून, दुसऱ्या हातात छत्री धरून मुख्य गल्लीतून जात. बौद्धवाड्याला जवळची वाट होती, ती त्या घेत नसत. पोत्यात लाकडावर लाकूड आपटे आणि घराघरांतली मुले दारात येत. बाई प्रत्येकाला नमस्कार करत. "येतो आम्ही, कमळाबाई." मोठ्यांना काही म्हणत नसत.

खळ्यावर चेंडू रेघेवर ठेवलेला असे. डाव दिनकरपाशी थांबला होता आणि बाई तो दुसरीकडून सुरू करायला तयार नव्हत्या. मुले गडी मांडत, मोजत, त्यांच्यामधून पाण्याचा पेला न सांडता चालत. चेंडूला कोणी हात लावत नव्हते. लावू नका असे त्यांना सांगितलेले नव्हते.

चौथ्या की पाचव्या सकाळी दिनकर आला. एकटाच आला. कसा आला ते न्हाव्याने नंतर गावभर सांगितले. सरपंच ओट्यावर दाढीला बसले होते, गालांना साबण. पोते वाजत गेले आणि पाठोपाठ दिनकर पायऱ्या उतरला. न्हावी म्हणाला, "मालक, पोरगं निघालं की वं." सरपंचांनी डोळे मिटून घेतले आणि म्हणाले, "तू तुजा वस्तरा बघ."

दिनकरने खळ्याच्या कडेला नसलेली चप्पल काढली. सरळ रेघेपाशी गेला. चेंडू दोन्ही हातांनी उचलला. शांता समोर येऊन उभी राहिली. दिनकरचे ओठ हलत होते, बहुधा मनात म्हणून बघत होता. मग त्याने चेंडू तिच्या हातात ठेवला. बोटांना बोटे लागली. त्याने आपल्या हातांकडे बघितले, उलटेसुलटे करून बघितले. त्यांना काही झाले नव्हते.

"घ्या," तो म्हणाला. "तुमचा डाव."

शांताने इतके दिवस साठवलेला सगळा जोर लावून चेंडू सोडला. तो गड्यांच्या दोन हात बाजूने निघून गेला.

"शून्य पडले," मुले ओरडली. "नऊ उभे!"

"पुढचे कोण?" बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आणखी तिघे आले. पुढच्या आठवड्यात कमळाबाईही आल्या, तलाठी वीस पावले मागे राहून त्यांना सोडून गेले. माघ संपेपर्यंत पट पूर्वीएवढा झाला. सरपंचांनी निरोप धाडला की कडबा दुसरीकडे लावला आहे, शेड मोकळी आहे. बाईंनी उलट निरोप दिला की शेड पश्चिमेला कलती आहे, मुले आता सपाट जमिनीवर खेळायला सरावली आहेत.

थोरल्या आईंनी मात्र आपली बाजू सोडली नाही. नातवाला कोंडणे त्यांना जमले नाही, म्हणून त्यांनी वेगळा तोडगा काढला. दिनकर दुपारी परतला की दारातच त्याला कपडे काढायला लावून आंघोळ घालायची आणि मगच उंबरा ओलांडू द्यायचा. माझी खोली समोरच होती. रोज दुपारी घंगाळ दारात यायचे, रोज दिनकर कुडकुडत उभा राहायचा आणि अंग पुसता पुसता किती पडले, किती उभे हे आजीला सांगायचा. आजी ऐकायच्या. शांताने किती पाडले, हेही ऐकायच्या. त्या वर्षी गावात त्याच्याइतके स्वच्छ मूल दुसरे नव्हते. मी बाईंना हे सांगितले. त्या म्हणाल्या, "चांगलं आहे. मुलं माती फार अंगाला लावतात."

चैत्रात आड तळाला गेला. बायका पहाटेपासून घागरींची रांग लावू लागल्या. सरपंचांच्या घरीही रांजण अर्धा राहू लागला. अशा एका दुपारी दिनकर परतला तेव्हा दारात घंगाळ नव्हते. थोरल्या आई तांब्या घेऊन उभ्या होत्या.

"आंगुळीला पाणी न्हाई आज. हितंच पायरीवर बस. सांजच्याला बघू. आत येऊ नगंस."

दिनकर पायरीवर बसला. ऊन चांगलेच होते. थोड्या वेळाने म्हणाला, "तान लागलीया."

थोरल्या आई पुढे आल्या. वाकल्या नाहीत. उभ्या उभ्याच तांब्या त्याच्या डोक्याच्या उंचीवर धरला आणि वरून धार सोडली, अंतर राखून. त्यांचा हात इतक्या वर्षांच्या सवयीने तसाच चालला.

दिनकरने ओंजळ केली नाही. धार त्याच्या गुडघ्यांसमोर मातीत पडली.

"आरं धर की! पाणी चाललं वाया!"

"थोरल्या आई, असं न्हाई द्यायचं," दिनकर म्हणाला. "हातात द्या."

"गप पी म्हणते ना."

"हातात द्या की वं."

त्यांनी धार थांबवली. मातीत भिजलेला डाग होता, त्याच्याकडे बघत राहिल्या. मग नातवाकडे बघितले. तो दोन्ही हात पुढे करून बसला होता, ओंजळ नव्हे, तांब्या धरायला करतात तसे. खाली वाकून त्यांनी तांब्या त्याच्या हातात दिला. तो गटागटा प्यायला, तांब्या परत केला, उठला आणि त्यांच्या अंगाला घासून आत गेला. त्यांनी त्याला अडवले नाही.

संध्याकाळी मी बाईंना सगळे सांगितले. त्या गड्यांना तेल लावत बसल्या होत्या. शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, "तांब्या एका हातानं दिला की दोन्ही?"

मी आठवून बघितले. "एका."

"चालेल," बाई म्हणाल्या. "पहिल्या आठवड्यात कमळाबाईंनाही एकाच हातानं जमायचं."